पहिला ठोका रिकामा

गाणं करायचं ठरवलं तेव्हा ग्रंथपालांना वाटलं होतं की काम फार तर दोन संध्याकाळींचं आहे. एक संध्याकाळ शब्दांना, एक चालीला. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांना पुठ्ठे चढवले, क्रमांक चिकटवले आणि ती उशिरा परत आणणाऱ्यांकडे नाराजीने पाहिलं. पाहण्याच्या पुढे त्यांची मजल कधी गेली नाही, कारण बोलायचं म्हटलं की त्यांचा घसा बसायचा. इतक्या पुस्तकांच्या सहवासात राहिल्यावर चार ओळी आपल्यालाही सुचतील, असा त्यांचा हिशेब होता. मिठाईच्या दुकानात नुसतं उभं राहिल्याने पोट भरत नाही, हे त्यांना नंतर कळलं.

गाणं हवं होतं ते खालच्या मजल्यावरच्या चकसाठी. चक येत्या रविवारनंतर मुलीकडे कायमचा राहायला जाणार होता, दुसऱ्या गावी.

चक हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हतं. तरुणपणी तो मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. एकदा जहाज दुरुस्तीसाठी कुठल्याशा दूरच्या बेटावर अडकून पडलं आणि हा पठ्ठ्या धक्क्यावरच्या वादकांकडून रेगे शिकून आला. रेगे हे इथे आडनाव नाही, संगीताचा प्रकार आहे. त्यात एक-दोन-तीन-चार असं मोजतात, पण एकवर कोणी काही वाजवायचं नाही. बाकीचं संगीत ज्या ठोक्यावर दिमाखात पाय ठेवतं, तिथे ही मंडळी गप्प बसतात. ढोल पडतो तीनवर. गिटार वाजते दोनवर आणि चारवर, आणि तीही सूर उमटतो न उमटतो तोच तारांवर हात ठेवून दाबून टाकलेली. तिचा आवाज येतो ‘चक’. माणसाचं नाव त्यावरूनच पडलं.

इमारतीचा वाद्यवृंद तिघांचा होता. चक गिटारवर, दातांचे डॉक्टर ड्रमवर आणि ग्रंथपाल कीबोर्डवर. गाणं कुठलंही असो, अंगाई असो की संचलनाचं, चकच्या हातात आलं की ते बेटावर जाऊन उन्हात पडायचं.

पहिल्याच कार्यक्रमात ग्रंथपालांची बोटं गोठली होती. समोर खुर्च्यांवर बसलेली माणसं पाहिली आणि पुढचा सूर कुठला, हेच त्यांना आठवेना. तेव्हा चक शेजारी उभा राहून नुसता वाजवत राहिला होता. चक... चक... चेहरा असा, की गाण्यात इथे हे असंच लिहिलेलं आहे. ग्रंथपालांची बोटं शुद्धीवर आली, गाणं पुढे गेलं आणि कोणाला पत्ताही लागला नाही. त्यानंतर हे इतक्या वेळा घडलं, की श्रोते त्या जागेची वाट पाहू लागले. “तो मधला शांत तुकडा फार सुंदर असतो,” असं कोणी म्हणालं की चक गंभीरपणे मान डोलवायचा.

याबद्दल ग्रंथपालांनी त्याचे एकदाही आभार मानले नव्हते. मानायचे ठरवून ते अनेकदा खाली गेले होते आणि दर वेळी चहा पिऊन, हवेबद्दल बोलून वर आले होते.

मग गेल्या वर्षी चकच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. चालणं-बोलणं परत आलं, पण डाव्या हाताची बोटं तारा दाबेनात. त्याने गिटार कपाटावर टाकली आणि वाद्यवृंदाचं नाव काढलं की तो रेडिओ लावू लागला. आता जाताना ती गिटार भंगारात देऊन टाकणार, असं त्याने मुलीला फोनवर सांगितलेलं ग्रंथपालांच्या बायकोने जिन्यात ऐकलं आणि वर येऊन नवऱ्याला सांगितलं. ग्रंथपाल त्या दिवशी जेवले नाहीत म्हणा ना. म्हणजे जेवले, पण भात परत मागितला नाही.

आभार तोंडाने मानता येत नसतील तर गाण्यात मानावेत, म्हणजे मधे संगीत येतं आणि माणूस झाकला जातो. रविवारी संध्याकाळी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये चकला बोलवायचं आणि अचानक गाणं सुरू करायचं, असा बेत ठरला.

पहिला खर्डा त्यांनी बायकोला वाचून दाखवला. तिने भाजी चिरता चिरता शेवटपर्यंत ऐकून घेतला.

“अहो, हा माणूस गेला की काय?”

ग्रंथपालांनी चष्मा काढला. हे गौरवगीत आहे, असं ते म्हणाले.

“सगळं भूतकाळात आहे. ‘तू होतास, तू वाजवलंस, तू हसलास.’ आणि तो बघा, खाली गॅलरीत पायजमा वाळत घालतोय.”

ग्रंथपालांनी गॅलरीतून वाकून पाहिलं. घालत होता खरा. त्यांनी सगळी क्रियापदं वर्तमानकाळात आणली, तर चाल बिघडली. चाल सुधारली, तर भाव गेला. शेवटी रडतखडत दोनच ओळी उरल्या, ज्यांना बायकोने सुरी खाली ठेवून मान डोलवली:

मी हरवतो, तू वाजवत राहतोस,
मी परत येईपर्यंत, चक.

इथेच थांबले असते तर ही गोष्ट लिहावी लागली नसती. पण बायकोने हे गुपित फक्त मामींना सांगितलं. मामी चौथ्या मजल्यावर राहत, त्या कोणाच्याच सख्ख्या मामी नव्हत्या, आणि त्यांना फक्त एक गोष्ट सांगणं म्हणजे ती फळ्यावर लिहून वर दिवा लावण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच हजर झाल्या. गाणं छान आहे, पण त्यात फ्यूज नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

कुठला फ्यूज, असं ग्रंथपालांनी विचारलं. तर पूर्वी एकदा मामींकडची वीज गेली होती, दारात पाहुणे उभे होते आणि चक हातात टॉर्च घेऊन, तोंडात स्क्रू धरून वर आला होता. मामींनी तेव्हा गडबडीत त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. ती गोष्ट त्यांच्या मनाला इतकी वर्षं टोचत होती.

“एक कडवं घाला, भाऊ. मोठं नको. पण फ्यूज हा शब्द आला पाहिजे.”

मामी गेल्या आणि शिंपी आले. लिफ्ट बंद असताना चकने त्यांच्या आईला खुर्चीसकट खाली उतरवलं होतं, आणि वाटेत तिला हसवत ठेवलं होतं. मग समोरच्या दारातल्या ताई आल्या. त्यांची मुलगी परीक्षेला घाबरायची, तिला तो टेबलावर बोटं वाजवून पाढे शिकवायचा. संध्याकाळपर्यंत ग्रंथपालांच्या बैठकीच्या खोलीत दवाखान्यासारखी रांग लागली. प्रत्येकाकडे चकचं काहीतरी होतं, आणि प्रत्येकाचं आभार मानायचं राहून गेलेलं होतं. ग्रंथपालांना आजवर वाटत होतं की घसा बसणारे आपण एकटेच. एकीकडे त्यांना बरं वाटलं. दुसरीकडे गाणं दोन ओळींवरून बारा कडव्यांवर गेलं, आणि फ्यूज कुठल्याही चालीत बसेना.

शब्दांचं हे असं. तालाची कथा वेगळीच होती.

दातांचे डॉक्टर फार सज्जन माणूस, पण त्यांच्या उजव्या पायाला घाई होती. आयुष्यभर त्यांनी पेशंटला खुर्चीत बसवून ‘एकवर तोंड उघडायचं’ असं सांगितलेलं. ढोलाच्या पट्टीवरचा पायही बरोबर एकवर खाली जायचा. पूर्वी हे होत नसे, कारण चक शेजारी असायचा. पाय उचलला गेला की चक फक्त एक भुवई वर करायचा आणि पाय तिथेच अधांतरी थांबायचा. इतकी वर्षं वाद्यवृंदाचा पहिला ठोका त्या एका भुवईने रिकामा ठेवला होता, हे आता उघड झालं.

ग्रंथपालांनी स्वतःची भुवई वर करून पाहिली. डॉक्टरांनी काळजीने विचारलं, दाढ दुखते का.

दुसरी अडचण म्हणजे गिटार. दोनवर आणि चारवर ‘चक’ कोण करणार? ते करू शकणारा एकच माणूस इमारतीत होता आणि नेमकं त्यालाच बोलवायचं नव्हतं. शेवटी बायकोने कढईचं झाकण आणि पळी घेतली. तिचा ताल, खरं सांगायचं तर, तिघांत सर्वांत पक्का निघाला. तालीम ग्रंथपालांच्या घरी चालायची, खिडक्या बंद करून, ड्रमवर चादर घालून. चक बरोबर खालच्या खोलीत असायचा. पण त्याला कमी ऐकू येतं, असं मामींनी खात्रीने सांगितलं होतं. (चकला कमी ऐकू येत नव्हतं. मामी बोलायला लागल्या की त्याला कमी ऐकू यायचं.)

आता राहिला हॉल. त्यासाठी ग्रंथपाल सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरींना इमारतीची नियमावली तोंडपाठ होती. कलमं ते इतक्या मायेने म्हणत, की ऐकणाऱ्याला नकार मिळतोय हे उशिरा कळायचं. रविवारी हॉल करमणुकीसाठी देता येत नाही. सभेसाठी देता येतो, पण त्याची पूर्वसूचना लागते आणि तिची मुदत उलटून गेली होती. शोकसभेला पूर्वसूचना लागत नाही, असं म्हणून सेक्रेटरींनी आशेने पाहिलं. ग्रंथपालांना पहिला खर्डा आठवला आणि त्यांनी जोरात मान हलवली.

“मग एकच राहतं,” सेक्रेटरी म्हणाले. “आरोग्यविषयक व्याख्यान. तुमच्याकडे डॉक्टर आहेतच.”

त्याच संध्याकाळी सूचनाफलकावर कागद लागला: रविवारी सहा वाजता, ‘दातांची निगा’, सर्वांनी उपस्थित राहावे. आणि नियमाप्रमाणे व्याख्यान खरोखर झालंच पाहिजे, मागच्या बाजूला बसून मी ऐकणार आहे, असंही सेक्रेटरींनी बजावलं. ग्रंथपालांना वाटलं, बरंच झालं, चकला संशय येणार नाही. ते मुद्दाम खाली गेले. चहा झाला. हवेबद्दल बोलणं झालं. भिंतीशी बांधलेली खोकी उभी होती, कपाटावरून गिटारीची मान डोकावत होती, आणि तिच्याकडे पाहायचं नाही असं दोघांनीही न बोलता ठरवलेलं होतं.

“रविवारी खाली व्याख्यान आहे. ये ना,” ग्रंथपाल म्हणाले.

“कशावर?”

“दातांची निगा.”

चकने शांतपणे वरची कवळी काढली, ग्रंथपालांना दाखवली आणि परत बसवली.

“खालचीही बघायची आहे?”

ग्रंथपाल जिना चढून वर आले. सगळ्या इमारतीत एका माणसाला बोलवायचं होतं, आणि त्यांनी निवडला तो एकमेव विषय, ज्याच्याशी त्या माणसाचा संबंध संपला होता. बायकोने विचारलं, काय म्हणाला. त्यांनी सांगितलं. ती इतकी हसली की झाकण हातातून पडलं, तेही दोनवर नव्हे.

रविवारी हॉल भरला. पुढच्या दोन रांगांत गाण्यासाठी आलेली इमारतीतली माणसं होती. मागे मात्र शेजारच्या इमारतींतली अनोळखी मंडळी गालावर हात धरून बसली होती. फलक त्यांनीही वाचला होता. सेक्रेटरी शेवटच्या खुर्चीवर, नियमावली मांडीवर घेऊन. मामींना चकला आणायला पाठवलं होतं. त्या एकट्याच परत आल्या. तो म्हणतो सामान बांधायचं आहे, असं त्यांनी सांगितलं.

डॉक्टर पाच मिनिटं बोलणार होते. पण आजवर त्यांच्यासमोर माणूस बसायचा तो तोंडात कापूस घेऊन. इथे लोक उत्तरं देत होते, प्रश्न विचारत होते. डॉक्टर फुलले. हिरड्यांवर ते असे बोलले, की शिंप्यांचे डोळे भरून आले. एक गृहस्थ तर पुढे येऊन ट्यूबलाइटखाली तोंड उघडून उभेच राहिले. ग्रंथपाल कीबोर्डमागे बसून घाम पुसत होते. ज्याच्यासाठी हे सगळं, तो वर खोक्यांना दोऱ्या बांधत होता. सकाळी टॅक्सी येणार होती. गिटार भंगारात जाणार होती. आणि हा माणूस आपला हात संपला असं समजून जाणार होता, कारण दुसरं काही त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

“सुरू करा,” बायको हळूच म्हणाली. “हॉल त्याच्या पायाखालीच आहे. ऐकू तर जाईल.”

सुरू केलं. आणि पहिल्याच ठोक्यावर डॉक्टरांचा पाय दणकन खाली गेला. ते पाहून पुढच्या रांगांनी टाळ्या धरल्या, बरोबर एकवर. मागच्यांनी एका हाताने गाल सोडला नाही, पण दुसऱ्या हाताने मांडीवर ठेका धरला, तोही एकवर. सगळा हॉल एकवर कोसळत होता, आणि बायको एकटी कढईचं झाकण घेऊन दोन आणि चारवर किल्ला लढवत होती. बेटावरचं ऊन कुठल्या कुठे गेलं. कोणीतरी दगडी पायऱ्यांवरून पिंप गडगडत सोडावं, तसं ते गाणं चाललं होतं. ग्रंथपाल पहिलं कडवं गात होते, म्हणजे ओठ हलवत होते.

तेवढ्यात दार उघडलं.

दारात चक उभा होता. पायात स्लीपर, खांद्यावर दोरीचा तुकडा, उजव्या हातात गिटार. तिच्यावर धूळ तशीच होती, फक्त बोटं लागली तिथे पुसली गेली होती. ढोल थांबला. टाळ्या विरल्या.

“आठवडाभर वरून ऐकलं,” चक म्हणाला. “म्हटलं, जाऊ दे, रविवारी संपेल. आता खालूनही तेच. माझ्या नावाचं गाणं, बारा कडवी, आणि एकवर ढोल. मी खरंच मेलो असतो ना, तरी उठून आलो असतो.”

सेक्रेटरींनी नियमावली चाळली, पण अशा प्रसंगाला कलम नव्हतं.

चक येऊन आपल्या नेहमीच्या जागी उभा राहिला. त्याने लोकांकडे पाहिलं आणि सांगितलं की एकवर टाळी वाजवायची नाही, तिथे नुसतं थांबायचं. मग डॉक्टरांकडे वळून एक भुवई वर केली. डॉक्टरांचा पाय अधांतरी थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर घर सापडलेल्या माणसाचं समाधान पसरलं.

मग त्याने डावा हात तारांवर ठेवला. ठेवला म्हणजे आणून टेकवला. बोटं पसरून तशीच पडली. ती दाबत नव्हती. उजव्या हाताने त्याने तारा छेडल्या.

चक.

तो स्वतःच्या हाताकडे पाहत राहिला. पुन्हा छेडल्या. सूर नव्हता. पण या आवाजाला सूर लागत नाहीच. तारांवर नुसता हात पडून राहावा लागतो. आणि पडून राहणं त्या हाताला आता छान जमत होतं. वर्षभर कपाटाकडे पाठ करून बसलेल्या त्या इलेक्ट्रिशियनला ही जोडणी सुचलीच नव्हती. सूर द्यायला कीबोर्ड होता की.

चक... चक... बायकोने झाकण खाली ठेवलं.

गाणं उन्हात आलं. आणि ग्रंथपालांनी चककडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि बाराच्या बारा कडवी त्यांच्या डोक्यातून निघून गेली. फ्यूजसुद्धा. बोटं कीबोर्डवर गोठली. समोर खुर्च्यांवर माणसं.

चक... चक... चकचा चेहरा असा, की गाण्यात इथे हे असंच लिहिलेलं आहे.

तो वाजवत राहिला. कितीतरी वेळ. मग मामी उभ्या राहिल्या आणि त्यांनी कुठल्याच चालीत नसलेलं फ्यूजचं कडवं म्हणायला घेतलं. वाजवणाराच असा होता की ते बसलं. शिंप्यांनी आईची खुर्ची गायली. समोरच्या ताईंच्या मुलीने पाढा म्हटला. ज्याला गाता येत नव्हतं त्याने नुसतं सांगितलं, आणि जिथे एक यायचा तिथे सगळा हॉल गप्प राहायचा, मागचे गालवालेसुद्धा. चक मान खाली घालून वाजवत होता. फार वेळ तो धूळच पुसत असल्यासारखा गिटारीवर वाकून होता.

शेवटी ग्रंथपालांची बोटं परतली. त्यांना त्यांच्या दोनच ओळी आठवल्या, त्यांनी त्या म्हटल्या, आणि दुसरीतला शेवटचा शब्द गिटारीनेच म्हटला.

सेक्रेटरींनी नोंद केली की व्याख्यान उद्बोधक झालं.

सकाळी टॅक्सी आली. खोकी मागे गेली. गिटार डिकीत ठेवू का, असं ड्रायव्हरने विचारलं, तर चकने ती मांडीवर घेतली. मुलीकडे शेजारी एक बाजा वाजवणारा आहे म्हणे, तो म्हणाला, बघू त्याला किती कळतं ते. ग्रंथपाल खिडकीशी उभे होते. रात्रीच्या गाण्याचा हिशेब त्यांनी मनाशी केला होता: आभार मानायला गेलो आणि त्यानेच आणखी एकदा सावरून घेतलं, म्हणजे बाकी वाढलीच. ते हवेबद्दल बोलले. आज ढग नाहीत, असं म्हणाले. चक उजव्या हाताने मांडीवरच्या गिटारीवर ठेका धरून बसला होता, दोनवर आणि चारवर. इंजिन सुरू झालं.

“आभारी आहे रे,” ग्रंथपाल एकदम म्हणाले. घसा बसायच्या आत.

चकची बोटं थांबली. त्याने वर पाहिलं आणि एक भुवई उचलली.

“एकवर बोललास,” तो म्हणाला. “इतकी वर्षं तिथे नीट गप्प बसला होतास की.”

टॅक्सी वळणापर्यंत गेली. खिडकीतून हात बाहेर आला होता. डावा होता, नुसताच दारावर पडलेला.

ग्रंथपाल जिना चढून वर आले. बायको दारातच उभी होती.

“बोललात का शेवटी?”

“बोललो.”

“मग काय म्हणाला?”

“चूक काढली.”

“मग पोचलं,” ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.